निम्म्या दिव्यांचं गणित

दाजी, तुमचं तेरावं उरकलं, कापसाचं जिन पुन्हा सुरू झालं आणि त्याच दिवशी दिवे मंद लागले.

मंद म्हणजे अगदी विझायला टेकलेले नव्हेत. दुसऱ्या कुणी पाहिले असते तर म्हणाला असता, लागलेत ना, मग झालं तर. पण सगळा हंगाम ते दिवे पाहिलेल्या माणसाला फरक कळतो. नेहमी पांढरेशुभ्र असायचे ते मक्याच्या दाण्यासारखे पिवळे दिसत होते. मी इंजिनघराच्या दारात उभा होतो. हातातलं तेलाचं फडकं खाली पडलं तेही मला कळलं नाही.

इंजिन माझं आणि डायनॅमो तुमचा, अशी आपली वाटणी होती. बिजलीला मी हात लावायचा नाही आणि इंजिनाच्या तेलपाण्यात तुम्ही नाक खुपसायचं नाही. तुम्ही गेलात आणि मालकांनी एका वाक्यात ती वाटणी मोडली. "मेहुनाच हायेस ना त्यांचा, बघून बघून शिकला आसशील की," म्हणाले आणि डायनॅमोघराची किल्ली माझ्या हातात दिली. तुमच्या कमरेला असायची तीच किल्ली. मी ती घेतली, कारण नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर रडूच आलं असतं.

मला बिजलीची भीती पहिल्या दिवसापासून होती आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही हैद्राबादेहून हुन्नर शिकून तेलगावच्या या जिनात आलात, अक्काला आणलंत, मागोमाग मलाही बोलावून घेतलंत. इंजिन मला आवडलं. ते धडधडतं, धूर काढतं, रागावलं तर आवाज करून सांगतं. बिजलीचं तसं नाही. ती गुपचूप असते. तारेकडे बघून तारेत काय चाललंय ते कळत नाही. "म्हनून तर काटा बघायचा," तुम्ही म्हणायचात. "तार बोलत न्हाई, काटा बोलतो."

आपला तो रोजचा नेम आठवतो. कापसाच्या शेडमध्ये वाऱ्यानं रुई उडू नये म्हणून खिडक्या बंद असायच्या. त्यामुळे भर दुपारीही दिवे लावावे लागत. तुम्ही डायनॅमोघरात बटण टाकायचात. तिथल्या काट्यावर एकशे दहा व्होल्ट. मी शेडमध्ये जाऊन भिंतीवरच्या लाकडी पेटीच्या काचेतून तिथला काटा बघून यायचो. मी परत आलो की तुम्ही मान वर न करता विचारायचात, "किती?"

"एकशे सहा."

"मग ठीक."

एवढंच. त्याआधी कामावरच्या बायकांनी यंत्रावर हात ठेवायचा नाही आणि मालकांनीसुद्धा घाई करायची नाही. एकदा मी कंटाळून विचारलं, रोज एकशे सहाच असतं, मग रोज कशाला बघायचं? तुम्ही उलट मलाच विचारलंत, "मग चार व्होल्ट रोज कुठं जातात?"

मला काय माहीत? तेव्हा तुम्ही मला जत्रेच्या दारातल्या गर्दीचं सांगितलंत. मागून रेटणारी माणसं म्हणजे व्होल्ट. दारातून पार होणारी म्हणजे अँपिअर. आणि दार किती अरुंद आहे, ती मुजाहमत. तुम्ही शिकलात उर्दूत, त्यामुळे विरोध हा शब्द तुमच्या तोंडी कधी आलाच नाही, मुजाहमतच यायची. "रेटा भागिले मानसं, म्हंजी दार किती अरुंद ते कळतं. आन् रेटा गुनिले मानसं, म्हंजी खांद्याला खांदा घासून किती गरमी झाली ते." तारेत वीस अँपिअर चालतात, चार व्होल्ट गळतात. चार भागिले वीस, एका ओहमचा पाचवा हिस्सा. चार गुणिले वीस, ऐंशी वॅट. मी बोटं मोडत हिशोब करत होतो आणि तुम्ही हसत होतात.

"ऐंशी वॅट म्हणजे लई का?" मी विचारलं.

"दीड दिव्याची गरमी. एवढ्या लांब तारेवर पसरली तर तारेला त्याचं काई वाटत न्हाई. पर सगळी एका जागी गोळा झाली ना बापू, तर शेजारची रुई पेटायला लई येळ लागत न्हाई."

माझी समजूत अशी की एकदा आकडा कळला की भीती संपते. तुमचं म्हणणं नेमकं उलटं. "भागाकार किती ते सांगतो. कुठं ते न्हाई सांगत. म्हनून भ्यायचं. भ्यायचं आन् बघायचं." यावरून आपण किती वेळा भांडलो असू! मी म्हणायचो, तुम्ही उगाच माणसाला घाबरवून ठेवता. तुम्ही म्हणायचात, न घाबरणाऱ्या माणसाच्या हाती मी डायनॅमोची किल्ली द्यायचा नाही. आता ती माझ्या हाती आली आहे, तेव्हा त्या हिशोबानं तुम्हाला माझी काळजी करायचं कारण नाही. मी भरपूर घाबरलेला आहे.

आणि ते शेवटचं भांडण. तुम्ही तापानं पडायच्या थोडं आधीचं. जेवायला बसलो होतो, अक्का भाकरी वाढत होती. तुम्ही ठेच्याला बोट लावून सहज विचारलंत, "निम्मे दिवे बंद केले तर तारेतली गरमी किती ऱ्हाईल?"

"आठ आणे," मी म्हटलं. सोळा आण्यांतले निम्मे, त्यात काय विचारायचं!

"चार आणे."

"आठ आणे, दाजी. निम्मे दिवे, निम्मी बिजली, निम्मी गरमी. तुमच्या हैद्राबादेत वेगळा पाढा असतो का?"

"चार आणे," तुम्ही शांतपणे भाकरीचा तुकडा मोडत म्हणालात. मी इतका चिडलो की अक्काला मध्ये पडावं लागलं. "आदी जेवा की! दिवे लावायचे का इझवायचे ते जेवून ठरवा." तुम्ही हसलात. "कावून चार आणे, ते आता तूच मला सांग बापू. मी न्हाई सांगनार." मी फुगलो. विचारच करायचा नाही असं ठरवलं. त्यानंतर तुम्ही मुदतीच्या तापानं अंथरूण धरलंत आणि आपलं भांडण तिथंच राहिलं.

तापात तुम्ही एकच विचारत होतात. डोळे मिटलेले, ओठ फुटलेले, अंगाला हात लावला तर चटका बसेल असा ताप, आणि मध्येच स्पष्ट, "किती?" मी कानाशी वाकून "एकशे सहा" म्हणायचो, की तुम्ही शांत व्हायचात. अक्का पायाशी बसून हे ऐकत होती. तिच्याकडे लक्ष द्यायचं भान मला नव्हतं. ते असतं तर पुढचं टळलं असतं की नाही, देव जाणे. जिनातल्या बायका दारात येऊन जायच्या. त्यांच्यात कौसाबाई सगळ्यात म्हातारी, तिचा शब्द बाकीच्या मानायच्या. तिनं तुमच्या कपाळाला हात लावला आणि बाहेर जाऊन सांगितलं, "अंगात बिजली शिरलीय. तिच्या घरात रोज हात घालायचे, एक दिस तिनं धरलं. त्याबिगर मानूस आसं तापतंय व्हय?" हकीम मुदतीचा ताप सांगून गेले होते. पण कौसाबाईचं बोलणं हकिमापेक्षा लवकर पसरलं.

तर परवा. दिवे पिवळे दिसले आणि मी शेडमध्ये गेलो. पेटीवरच्या काचेतून पाहिलं. ब्याण्णव. काचेवर धूळ असेल म्हणून पुसली. ब्याण्णवच. डायनॅमोघरात पळत आलो, तिथं एकशे दहा आणि अठरा अँपिअर. तुम्ही शिकवलेलं होतं म्हणून हिशोब आपोआप झाला, झाला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं. अठरा व्होल्ट गळतायत. अठरा भागिले अठरा, पुरता एक ओहम. अठरा गुणिले अठरा, तीनशे चोवीस वॅट. त्यातले साठपासष्ट तारेचे, अठरा अँपिअरांच्या हिशोबानं. उरलेले अडीचशेच्या वर कुठंतरी एका जागी बसले होते. जवळजवळ पाच दिव्यांची आग, कुठल्या तरी स्क्रूखाली, कापसानं भरलेल्या जागेत. आणि कुठं, ते भागाकार सांगत नव्हता.

मी बटण ओढलं. दिवे गेले, बायकांनी आरडाओरडा केला. मी ओरडून सगळ्यांना बाहेर काढलं. मालक आले. दिंद्रुडहून कापूस घेऊन आलेल्या गाड्या फाटकाशी उभ्या होत्या, बैल सोडलेले होते. "आरं काटा खाली गेला म्हनून काय जिन बंद ठेवतो व्हय? लाव दिवे, मंद तर मंद." मी नाही म्हटलं. तुमची किल्ली होती ना कमरेला. मालकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ते गाडीवाल्यांशी बोलायला गेले. कौसाबाई फाटकाशी बसून बाकीच्यांना सांगत होती, "बिजलीचं प्वाट भरलं न्हाई आजून."

मी इंजिनघरात येऊन बसलो. खरं सांगतो दाजी, पळून जावं असं वाटलं. गावाकडं उमापुरात आपली जमीन आहे, भाऊबंद आहेत, नांगर धरला तर नांगर पेटत नाही. पण अक्काची खोली रुईच्या गोदामाला लागून आहे. तुमची दोन लेकरं त्याच भिंतीला टेकून निजतात. मी पळालो तर कुणीतरी दुसरा दिवे लावेल, काटा न बघता लावेल.

अडचण अशी होती की दोष शोधायचा तर दिवे लावावेच लागणार. तार थंड असताना सगळे सांधे सारखेच दिसतात. बिजली चालू असताना व्होल्ट मोजायची तुमची हातातली छोटी पेटी घेऊन एकेका सांध्यापाशी बघायचं, कुठं किती गळतंय. म्हणजे जे जाळतंय ते सापडेपर्यंत त्याला जळू द्यायचं. मी एकटा, हातात दोन वायरी, आणि चारी बाजूंना रुई. पाणी भरलेल्या बादल्या आणि वाळू आणून ठेवली, तरी उठवेना.

आणि तिथं बसल्या बसल्या मला तुमची ती भाकरी आठवली. निम्मे दिवे.

मी जमिनीवर सांडलेल्या तेलात बोटानं लिहायला लागलो. निम्मे दिवे लावले तर अँपिअर निम्मे. बरं. दार तेवढंच अरुंद, मुजाहमत तीच. मग दारातून निम्मीच माणसं जायची असतील तर त्या दारापाशी रेटाही निम्माच लागणार. म्हणजे गळणारे व्होल्टही निम्मे! निम्मे गुणिले निम्मे. चार आणे. दाजी, चार आणे! मी एकच निम्मं धरत होतो आणि दुसरं विसरत होतो. मी इंजिनघरात एकटाच मोठ्यानं "चार आणे" म्हणालो आणि मग तोंड दाबून रडलो. तुम्ही तिथं पंचवीस पावलांवर डायनॅमोपाशी बसलेले असता, तर मी आधी तुमच्या अंगावर ओरडलो असतो, आधीच का नाही सांगितलं म्हणून, आणि मग पाया पडलो असतो.

पुढचं त्यातूनच आलं. निम्म्याचे चार आणे, तर पाव दिव्यांचा एकच आणा. छत्तीसांतले नऊ दिवे ठेवायचे, बाकीचे काढून घ्यायचे. पाच अँपिअर चालतील. सैल जागी अडीचशेच्या ऐवजी वीसेक वॅट. चटका बसेल, पण रुई पेटणार नाही. आणि काट्याला मात्र चार व्होल्टचा फरक दिसेल, तेवढा तुमच्या त्या छोट्या पेटीला पुरे. घाबरायचं तेवढंच घाबरलो होतो, पण आता हात चालत होते.

सत्तावीस दिवे मी स्वतः काढले. बटण टाकलं. खांबापाशी बघितलं, अर्धा व्होल्ट गळलेला. शेडच्या भिंतीवर, एक. दोन्ही बरोबर. मग शेडमधल्या लाकडी पेटीपाशी गेलो. काचेतला काटा एकशे पाच दाखवत होता. भिंतीपर्यंत एकशे नऊ आणि पेटीत एकशे पाच. म्हणजे जे काय होतं ते झाकणाच्या आत होतं. मी आधी डायनॅमो बंद करून आलो, किल्ली कमरेला लावली, तुम्ही लावायचात तशी, आणि झाकण उघडलं.

आत कुंकू होतं. दोन्ही मोठ्या स्क्रूंवर थापलेलं, हळदीसकट. स्क्रूच्या खाचेत लिंबाची एक बी वाळून चिकटली होती. कुणीतरी लिंबू कापून, कुंकू भरून, एकेक फोड एकेका स्क्रूला लावून ठेवली होती आणि नंतर उचलली होती. लिंबाचा रस तांब्याखाली उतरला होता. जिथं तार स्क्रूला धरते तिथं सगळं हिरवं पडलं होतं, आणि त्या हिरव्याभोवतीचं लाकूड काळं व्हायला लागलं होतं. मी बोट लावलं. अजून गरम होतं.

मला राग आला तो कौसाबाईचा. तिला हाक मारणार तोच मागून आवाज आला, "तिला काई बोलू नको बापू. म्या केलंय."

अक्का दारात उभी होती. जिन बंद होतं त्या दिवसांत, सगळे तुमच्या कार्याच्या गडबडीत असताना, ती इथं आली होती. कपाळ पुसलं त्यानंतर तिच्या करंड्यात कुंकू उरलं होतं. ते टाकवेना, ठेववेना. कौसाबाई म्हणाली होती की बिजलीला काहीतरी दिल्याशिवाय ती सोडायची नाही. आणि तापात तुम्ही "किती, किती" म्हणत होतात ते अक्काला वाटलं, ही पेटीच तुम्हाला बोलावते आहे, हिशोब मागते आहे.

"सगळा करंडा रिता केला," ती म्हणाली. "म्हनलं, माजा धनी नेलास, माजं कुंकू बी घे. पर किल्ली आता माज्या भावाकडं येनार हाय. त्याला नेऊ नको."

तिनं माझ्यासाठी केलं होतं आणि त्यानंच सगळं पेटणार होतं, लेकरांसकट. मी तिला जवळ बोलावलं आणि हिरवं पडलेलं तांबं दाखवलं. ते "किती?" आणि त्यावरचं "मग ठीक" म्हणजे काय ते सांगितलं. तुम्ही बिजलीशी बोलत नव्हतात, माझ्याशी बोलत होतात. शेडमधल्या बायकांची आणि गोदामाला लागून निजणाऱ्या तुमच्या लेकरांची चौकशी करत होतात. तापाच्या ग्लानीतसुद्धा तुम्ही तेच करत होतात.

तिनं ते हिरवं तांबं बोटानं चाचपून बघितलं. मग म्हणाली, "म्हंजी ते ह्यानं गेले न्हाईत?"

"न्हाई अक्का. तापानं गेले. बिजलीनं त्यांना कदी धरलं न्हाई. ते भ्यायचे ना तिला."

तेव्हा ती रडली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा अशी मोकळी रडली. मी घासकागद काढला. तो हातात धरून स्क्रूकडे बघत राहिलो, कारण त्या कुंकवाला हात लावायची माझी हिंमत होत नव्हती. तिला ते कळलं.

"हे बी पुसायचं का रे?" तिनं विचारलं.

तिनंच पुढं होऊन पदराचं टोक घेतलं, दोन्ही स्क्रूंवरचं कुंकू पुसलं, नीट, खाचेतलंसुद्धा, आणि बाजूला झाली. मग मी तार काढली, तांबं चकचकीत होईपर्यंत घासलं, स्क्रू आवळले. दोनदा पकड निसटली.

सगळे दिवे परत लावून मी अक्काला डायनॅमोघराच्या दारात उभी केली आणि शेडमध्ये गेलो. काटा बघितला. परत येताना मी वाटेतच थांबलो, कारण दाजी, त्या वाटेच्या टोकाला विचारणारं कुणी नसतं आता. काटा बरोबर आला की नाही हे आता मीच माझं ठरवायचं. शिकवणारा गेला की भीती कुणाबरोबर वाटून घ्यायची?

अक्का उंबऱ्यात उभी होती. तुम्ही बसायचात त्या बाजूला तोंड करून. माझी चाहूल लागली तशी मान वर न करता म्हणाली, "किती?"

"एकशे सहा," मी म्हटलं.

"मग ठीक," अक्का म्हणाली आणि लेकरांना जेवायला वाढायला गेली.